चष्म्याची काडी

ठकीला अंडं चालत नाही हे कळलं आणि त्या दिवसापासून घरात जाणकारांची रीघ लागली.

आठ महिन्यांच्या त्या पोरीनं केलं होतं काय, तर उकडलेल्या अंड्यातल्या पांढऱ्याचा नखाएवढा तुकडा गिळला होता. पाच मिनिटांत तिचे ओठ फुगले, अंगभर चट्टे उठले, आणि तिची आई एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशी तिला घेऊन दवाखान्यात पळाली. अॅलर्जीच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, अंडं बंद. नुसतं भरवायचं बंद नाही, घरात आणणंच बंद. पेनासारखं दिसणारं एक इंजेक्शनही दिलं. श्वास अडकतोय असं वाटलं, की ते मांडीत टोचायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.

यात न समजण्यासारखं काही आहे? नाही. पण जाणकारांचं तेवढ्यानं भागत नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन सांगून गेल्या, की आई नोकरीला जाते म्हणून मुलांना असलं होतं. आई त्या वेळी रजेवर होती, पण असल्या फुटकळ गोष्टींनी बाई डगमगणाऱ्या नव्हत्या. ठकीच्या आईचे मामा फोनवर म्हणाले, दोष अंड्याचा नाहीच, हल्लीच्या कोंबड्यांचा आहे. ठकीच्या वडिलांच्या ऑफिसातल्या एकानं स्वतःच्या मेव्हण्याचा दाखला दिला. मेव्हण्याला धुळीचा त्रास होता, तो रोज पोहायला लागला आणि ठणठणीत झाला. आठ महिन्यांच्या मुलीनं यातून काय बोध घ्यायचा, ते मात्र सांगायचं राहिलं.

ठकीचे आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसत आणि हे सगळं ऐकत. तोंडातून अवाक्षर काढत नसत. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चाळीस वर्षं ते पुस्तकांच्या पाठीवर सोन्याच्या वर्खात नावं उठवत आले होते. म्हणून तिथे त्यांना सोनारबुवा म्हणत, आणि ते नाव घरापर्यंत येऊन पोचलं होतं. माणूस इतका भिडस्त, की दुकानदारानं भलतीच वस्तू बांधून दिली तरी ‘असू दे’ म्हणून घेऊन यायचा. स्वतःबद्दल त्यांना कधी खात्री वाटली नाही. चार अक्षरांचं नाव उठवतानासुद्धा ते कागदावर तीनदा ताडून बघत. पण मनातल्या मनात इतरांना तुच्छ लेखणं हा त्यांचा रोजचा व्यायाम होता, आणि त्यात त्यांनी एक दिवसही खाडा केला नव्हता.

त्यातून या खेपेला त्यांच्या हाती दारूगोळा आला होता. वाचनालयाचा बालरोगांवरचा एक जाडजूड ग्रंथ नव्या पाठीसाठी कारखान्यात आला होता. तो त्यांनी बांधण्याआधी वाचून काढला, चार दिवस जेवणाच्या सुट्टीत, पेन्सिलनं टिपणं काढत. कण पुरतो, हे त्यांना त्यात कळलं. मूल खात नाही, नुसतं चाटतं, हाताला लागलेलं तोंडात जातं, आणि तेवढ्यानं घात होतो. आता घरी येणारी बाई, मामा, मेव्हणेवाला, सगळे त्यांना अडाण्यांच्या शाळेतले हुशार विद्यार्थी वाटू लागले.

सून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिची शिस्त वेगळी. तिनं स्वयंपाकघर रिकामं करून घासलं, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, दाराशी साबण ठेवला. आणि एक वही सुरू केली : ठकीनं काय खाल्लं, कोण घरी आलं, अंगावर काही उठलं का. सासऱ्यांनाही तिनं विचारलं होतं.

“बाबा, तुमच्या कारखान्यात खाण्यापिण्याचं काही असतं का? हाताला लागून घरी येईल असं?”

“कारखान्यात कातडं, पुठ्ठा आणि सरस,” ते जरा हसून म्हणाले होते. “खाणार कोण ते?”

एवढं सगळं करूनही ठकीच्या अंगावर पुन्हा उठलं. एका बुधवारी गालावर आणि हनुवटीवर लाल गांधी आल्या आणि तासाभरानं गेल्या. पुढच्या शनिवारी ओठ सुजला. सून कुठे चुकलं ते शोधून शोधून रडकुंडीला आली. तिनं साबण बदलला, दुधाची बाटली बदलली, पडदे धुतले.

सोनारबुवांनी वही चाळली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बुधवार आणि शनिवार. अक्काचे वार!

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, जन्मभर शाळेचे गणवेश शिवून निवृत्त झालेली, आणि कुणाच्याही घरात शिरली की कापड बेतायला घेतल्यासारखी माणसांकडे बघणारी. ती बुधवारी आणि शनिवारी यायची, कारण त्या दिवशी भाऊ लवकर घरी असे. सोन्याचं काम त्याच दोन दिवशी होई. यंत्रं बंद, पंखे बंद, वारा आला तर वर्ख उडतो. त्या कामानं डोळे शिणत, म्हणून तीनला सुट्टी. ते घरी येत, हातपाय साबणानं स्वच्छ धूत, ठकीला मांडीवर घेत. ठकी त्यांच्या नाकावरचा चष्मा ओढून काढी आणि दात शिवशिवत असल्यामुळे त्याची काडी चावत बसे. समोर अक्का बसून जगाचे वाभाडे काढी.

“आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई,” ती सुनेला ऐकवायची. “जे पुढ्यात येईल ते पोरं खायची.”

त्या वेळी पोरं मरायचीही पुष्कळ, आणि कारण विचारायची पद्धत नव्हती, असं सोनारबुवा मनात म्हणायचे.

“थोडं थोडं चाटवलं ना, की अंगवळणी पडतं. तुम्ही हिला काचेच्या कपाटात ठेवा. फिरायला नेताना कपाटासकट न्या.”

“आत्या, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय,” सून दातओठ खाऊन म्हणायची.

“डॉक्टरांचं काय जातंय!”

मग तो शनिवार आला. ठकी आजोबांच्या मांडीवर होती, अक्का समोर होती, सून आत कपडे वाळत घालत होती. ठकी खोकली. पुन्हा खोकली. तिचे डोळे बघता बघता बारीक झाले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओरडली ती अक्का. सून धावत आली, इंजेक्शनचं टोपण दातानं काढून तिनं ते पोरीच्या मांडीत खुपसलं आणि जिना उतरतानाच ती रिक्षाला हाका मारू लागली. दवाखान्यात दोन तास गेले. संध्याकाळी ठकी घरी आली ती आईच्या खांद्यावर मलूल होऊन.

दुसऱ्या दिवशी रविवार. अक्का नातीची चौकशी करायला सकाळीच आली. सोनारबुवा खुर्चीतून उठले. त्यांच्या हातात वही होती.

“अक्का, तुझ्या पिशवीत काय आहे?”

“पिशवीत? माझा चष्मा, गोळ्या, बिस्किटं.”

“बिस्किटं.”

“चक्कर येते मला अधूनमधून. तुला माहीत नाही?”

“त्यात अंडं असतं.”

“असेल. मी खाते, पोरीला कशाला देईन?”

“थोडं थोडं चाटवलं की अंगवळणी पडतं, हे कोण म्हणालं होतं?” त्यांनी वही तिच्यापुढे धरली. “हे बघ. बुधवार, शनिवार, शनिवार. तू आलीस की हिला होतं. तू आली नाहीस की होत नाही. तुला वाचता येतं ना?”

अक्का मुलाकडे वळली. “काय रे, तुझा बाप काय म्हणतोय?”



“बाबा, दोन गोष्टी एका दिवशी झाल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही,” सून हळूच म्हणाली. पण तिचे डोळे पिशवीवर होते.

“पुस्तकात सगळं लिहिलंय!” सोनारबुवा आयुष्यात पहिल्यांदा घरात ओरडले. “कण पुरतो, अक्का! एक कण! पण तुझ्यासारख्या अडाणी, हेकट बायांना ते कोण सांगणार? नातीचा जीव गेला असता तरी तू म्हणाली असतीस, आमच्या वेळी असलं नव्हतं!”

अक्कानं पिशवी उचलली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. “मी दिलं नाही,” ती म्हणाली, आणि गेली.

सोनारबुवा खुर्चीत बसले. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटत होतं. मुलानं त्यांना न मागता पाणी आणून दिलं. असा मान त्यांना या घरात कधी मिळाला नव्हता.

तो मान बुधवारपर्यंत टिकला.

बुधवारी सकाळी ते कारखान्यात आपल्या टेबलाशी बसले. आदल्या खेपेची बरणी कपाटातून काढली, आणि पुढच्या खेपेसाठी दोन अंडी फोडून पांढरं एका वाडग्यात आणि पिवळं दुसऱ्यात काढलं. कातड्यावर वर्ख धरतो तो अंड्याच्या पांढऱ्यामुळे. ते फेटायचं, त्यात थोडा व्हिनेगर घालायचा, निवू द्यायचं, फडक्यातून गाळायचं. मग ब्रशनं पाठीवर लावायचं, वर वर्ख ठेवायचा आणि तापलेली पितळी अक्षरं दाबायची. बाजारात त्यासाठी तयार बाटलीही मिळते, पण बाटली वापरणाऱ्यांना सोनारबुवा कारागीर मानत नसत. चाळीस वर्षं ते असंच करत आले होते. त्यांच्या लेखी ते अंडं नव्हतंच. सरस जसा सरस, तसं ते त्यांच्या कामाचं सामान.

पलीकडे पानांच्या घड्या शिवणाऱ्या बाई सुईत दोरा ओवत होत्या. पिवळं त्या नेहमी डब्यात घालून घरी नेत.

“सोनारबुवा, पिवळं नेते हं मी. तुमच्याकडे आता अंडं चालत नाही ना, नातीमुळे?”

“हो,” ते म्हणाले.

आणि त्यांचा हात वाडग्यावर तसाच राहिला.

बाई पुढेही काही बोलत होत्या, नातवाला पिवळ्याचं काय काय आवडतं वगैरे. सोनारबुवा आपल्या बोटांकडे बघत होते. अंगठा आणि पहिलं बोट चकचकत होतं. त्याच बोटांनी त्यांनी नाकावरून घसरलेला चष्मा वर सारला, चाळीस वर्षं सारत आले तसाच, काडीला धरून. मग त्यांनी तो काढला. काडी उजेडात धरली. कानामागे जाणाऱ्या बाकापासून बिजागरीपर्यंत तिच्यावर एक पातळ, पिवळसर, भेगाळलेला थर होता. ओलं फडकं फिरवलं तशी ती बुळबुळीत झाली.

घरी आल्यावर हात त्यांनी न चुकता धुतले होते. चष्मा कोण धुतो?

आता इथे एखादा भला माणूस काय करेल? टेबल तसंच टाकून आधी सुनेला फोन करेल, मग बहिणीच्या दारात जाईल. सोनारबुवांनी चष्मा साबणानं धुतला. दुपारी चष्म्याच्या दुकानात जाऊन काड्या बदलून घेतल्या. घरी शिरण्याआधी चष्मा धुवायची आणि सदरा बदलायची पद्धत त्यांनी सुरू केली आणि सुनेला सांगितलं, “कारखान्यात धूळ फार असते.” सून म्हणाली, “किती करता हो बाबा तिच्यासाठी!” आणि ते ‘असू दे’ म्हणाले.

ठकीच्या अंगावर पुन्हा काही उठलं नाही. एक आठवडा, दोन, तीन. साहजिकच सगळे म्हणाले, बघा, आत्या येत नाहीत तर पोरीला पुरळसुद्धा नाही. खालच्या बाईंनी जिन्यात गाठून सोनारबुवांना शाबासकी दिली. जिला त्यांनी मूर्खांची राणी ठरवलं होतं, तिची शाबासकी ते मान खाली घालून घेत राहिले. मनात हिशेब सरळ होता. पोरगी सुखरूप आहे. अक्काचं काय, अक्का खमकी आहे. आणि सांगितलं तर सून ठकीला पुन्हा मांडीवर देईल का? एवढा एकच प्रश्न त्यांनी स्वतःला रोज विचारला आणि रोज उत्तर न देता ते ठकीला उचलून घेत राहिले.

चौथ्या आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. मुलाला रजा नव्हती, म्हणून पिशवी धरायला सोनारबुवा गेले.

डॉक्टरबाईंनी ठकीला तपासलं, तिच्याशी बोबडं बोलून घेतलं आणि सुनेची वही वाचली.

“म्हणजे हे तीनही त्रास त्या आजींनी भरवल्यामुळे झाले?”

“त्या कबूल करत नाहीत,” सून म्हणाली. “पण त्या यायच्या थांबल्या आणि सगळं थांबलं.”

“बिस्किटाचा तुकडा भरवला असेल, असं धरू या. म्हणजे चांगलं तोंडभर. आणि पहिल्या वेळचा तो पांढऱ्याचा तुकडा. मग त्यातल्या त्यात बातमी चांगली आहे. पोटात बऱ्यापैकी गेल्याशिवाय हिला होत नाहीये, नुसत्या स्पर्शानं नाही.”

“पाळणाघराचं विचारायचं होतं. एक तारखेला मी कामावर जातेय. तिथे इतर मुलं डब्यात अंडं आणतात. त्या बाई म्हणतात, हिला वेगळं भरवू, पण खेळणी सगळ्यांची एकच.”

“चालेल,” डॉक्टरबाई कागद पुढे ओढत म्हणाल्या. “कुणी मुद्दाम भरवू नये एवढं बघा. खेळण्यांना लागलेल्या कणानं काही होईल असं यावरून तरी वाटत नाही. तसं पत्र देते.”

पेन कागदावर टेकलं. सर्वांची खेळणी. सर्वांच्या लाळेची, डब्यात बुडवलेल्या सर्वांच्या बोटांची. आणि ठकी, जी हाताला येईल ते तोंडात घालते. ग्रंथ वाचलेला तिथे एकच माणूस होता, आणि तो पिशवी धरून गप्प बसला होता.

“चष्मा,” ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. “बाहेर राहिला का, आजोबा?”

“नाही. डोळ्यांवर आहे.”

“हो, दिसतोय.”

“चष्म्यामुळे झालं. तिनं काडी चावली. माझ्या. मी... ते वर्खाला पांढरं लागतं. अंड्याचं. बोटांना लागतं आणि मी चष्मा असा वर करतो. काडीवर थर होता. फार पातळ. कागदाहून पातळ. अक्कानं काही दिलं नाही.”

पेन थांबलं. डॉक्टरबाईंनी पुढचे प्रश्न सावकाश विचारले : थर किती, ओला की सुका, किती वेळ चावली. सोनारबुवांनी एकेक सांगितलं. डॉक्टरबाईंनी लिहायला घेतलेला कागद फाडून टोपलीत टाकला.

“मग सगळंच बदलतं,” त्या सुनेला म्हणाल्या. “हिला कणानं होतंय. आणि तेही श्वास अडकण्याइतकं. ते पाळणाघर अजिबात नको. घरी कुणीतरी सांभाळा, किंवा अंडं येतच नाही अशी जागा शोधा. आणि इंजेक्शनं दोन ठेवा.”

सून सासऱ्यांकडे बघत होती. “तुम्हाला कधी कळलं?”

“बुधवारी.”

“आज सोमवार आहे. गेल्या बुधवारी?”

“त्याच्या... त्या रविवारच्या पुढच्या बुधवारी.”

तिनं बोटं मोजली नाहीत. तिला मोजायची गरज नव्हती. “आत्या परवा आल्या होत्या,” ती म्हणाली. “ठकीसाठी झबलं शिवून. मी दार अर्धंच उघडलं. झबलं घेतलंसुद्धा नाही, त्याला काही लावलं असेल म्हणून. तुम्ही आत होतात बाबा. खुर्चीत. वाचत होतात.”

“हो.”

“काय वाचत होतात?”



बाहेर बाकांवर सात-आठ आया मुलं घेऊन बसल्या होत्या. सुनेनं ठकीला खांद्यावर घेतलं, पिशवी त्यांच्या हातून काढून स्वतःच्या हाताला अडकवली आणि आपला फोन त्यांच्यापुढे धरला. नंबर लावलेला होता.

“इथूनच बोला,” ती म्हणाली. “घरी गेलात तर पुस्तक उघडाल.”

“हॅलो, कोण?” अक्काचा आवाज आला.

“मी.”

“मी कोण?”

“अक्का, मी आहे. तू काही दिलं नव्हतंस. माझ्याच चष्म्याला लागलं होतं. कामाचं. अंड्याचं पांढरं.”

“ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल.”

तिला ऐकू येत होतं. तिच्या कानांना काही झालेलं नव्हतं, हे सोनारबुवांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बाकांकडे पाठ केली आणि जरा आवाज चढवून पुन्हा सांगितलं.

“अजून मोठ्यानं. त्या दिवशी येत होता की आवाज.”

“माझ्यामुळे झालं, अक्का!” सोनारबुवा म्हणाले. “तुझ्यामुळे नाही! मला कळलं होतं, तरी मी सांगितलं नाही!”

बाकांवरची कुजबूज बंद झाली. एक मूल रडता रडता थांबून त्यांच्याकडे बघू लागलं.



“पोरगी कशी आहे?” अक्कानं विचारलं.

“बरी आहे. पण तिला कणानंसुद्धा होतं. पाळणाघर नाही म्हणाल्या. ही एक तारखेपासून कामावर... घरी कुणीतरी हवं आहे.”

“फोन सुनेकडे दे.”

त्यांनी दिला. सून ऐकत राहिली. “हो, आत्या,” ती म्हणाली. “नाही, आधी अंघोळ करून, इथे आल्यावर कपडे बदलून. बिस्किटं आणायची नाहीत. चक्कर आली तर साखर आहे घरी. हो. हो, मी चुकले.” मग ती ऐकता ऐकता अचानक हसली, तोंडावर हात ठेवून.

फोन ठेवल्यावर सोनारबुवांनी विचारलं, “काय म्हणाली?”

“उद्यापासून येते म्हणाल्या, शिकून घ्यायला. इंजेक्शन कसं द्यायचं ते दोनदा दाखव म्हणाल्या.”

“आणि हसलीस कशाला?”

सून ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेत जिन्याकडे निघाली.

“म्हणाल्या, तो घरी नसला तरी चालेल.”